जोडी म्हणून दिलेली दोन मांजरं

५ फेब्रुवारी, गुरुवार

मांजरं आली. मला नको होती, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको.

सगळं लेकीने परस्पर ठरवलं. मांजरांच्या शेल्टरचा फॉर्म तिने तिकडे तिच्या घरी बसून भरला. माझं वय, खोल्या किती, दमा आहे का, सगळं तिनेच लिहिलं, आणि मग मला फोन केला. म्हणाली, "आई, तुला सोबत हवी." मी म्हटलं, "दिवसभर लाँड्रीत माणसांची ये-जा असते. सोबतीला काय तोटा?" तर म्हणाली, "तसं नाही गं. तुमचं दोघांचं कधी पटलंच नाही, मला माहितीये. पण तरी घर रिकामं वाटतच असेल ना."

कधी पटलंच नाही! चौतीस वर्षं एका दुकानात आणि एका घरात काढली आम्ही. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, आणि पोटची मुलगी एका वाक्यात निकाल देऊन मोकळी. मी फोन आपटला नाही, एवढंच. आपटायला हवा होता.

दुपारी शेल्टरची बाई टोपली घेऊन आली. उंच, अंगात दहा खिशांचं जाकीट, आणि बोलते अशी की औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवतेय. टोपलीत एक काळा बोका, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. दुसरी कबरी, लहानखुरी, डोळेच डोळे. दोघं एका बंद पडलेल्या गोदामात सापडली. शेल्टरमध्ये सहा महिने एका पिंजऱ्यात, एका फडक्यावर झोपली, म्हणून ती 'जोडी'. जोडी एकत्रच द्यायची असा त्यांचा नियम आहे. पण तीस दिवस चाचणी. तीस दिवसांनी ही बाई पुन्हा येणार, इथे दोघांचं पटतंय का ते बघणार, आणि पटत नसेल तर कबरीला घेऊन जाणार. तिला न्यायला एक कुटुंब तयार बसलंय म्हणे. काळ्याला कोणी विचारत नाही.

"म्हणजे जोडी मोडणार?" मी विचारलं.

"पटत नसेल तर ती जोडी नसतेच, काकू."

वय असेल तिशीचं. ज्ञान बघा.

शेल्टरने नावं ठेवलीत राजा आणि राणी. ती मी जागच्या जागी रद्द केली. काळा तो काळा, कबरी ती कबरी.

जाताना तिने त्यांचं ते फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे तसंच राहू द्या." मी बरं म्हणाले. तिची पाठ वळली आणि मी ते सोड्याच्या पाण्यात उकळायला टाकलं. केस, धूळ, आणि वास तर विचारू नये. जन्म लाँड्रीत गेलेल्या बाईच्या हातात असलं फडकं ठेवायचं आणि तसंच राहू द्या म्हणायचं! मग दोघांनाही ओल्या टॉवेलला साबण लावून नीट पुसून काढलं. कबरीने निमूट करून घेतलं. काळ्याने मनगटावर तीन ओरखडे काढले. असो. घरात आली ती स्वच्छ होऊनच राहतील.

७ फेब्रुवारी, शनिवार

जोडी म्हणे जोडी! परवा संध्याकाळी दोघं अंग चाटून वाळवत बसली होती तोवर ठीक. मग समोरासमोर आली, एकमेकांना हुंगलं, आणि जणू वैरीच पुढ्यात उभा राहिला अशी तुटून पडली. कबरी कपाटावर, काळा खाली शेपटीचा झाडू करून. ती खाली उतरली की हा धावतो, हा झोपला की ती वरून झेप घेते. आज धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर कुस्ती झाली. सहा चादरी परत पाण्यात.

शेल्टरला फोन केला. "जोडी म्हणून दिलीत ना मला?"

"नवं घर आहे, काकू. वेळ द्या."

"वेळ मी देते. तुम्ही मांजरं कोणती दिलीत ते सांगा. बदलून तर नाही ना आली?"

ती हसली. मला हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयातून मांजरांवरचं पुस्तक आणलं. वाचनालयाची बाई म्हणाली, "तुम्ही आणि मांजराचं पुस्तक? कादंबरी संपली वाटतं." मी म्हटलं, घरात रोज कादंबरीच चालू आहे.

मी शाळा चौथीत सोडली. वाचायला खरं शिकले ते लग्नानंतर, कपडे बांधायला आणलेल्या रद्दीवर. गोष्ट रंगात यायची आणि तिचा शेवट कोणाच्या तरी शर्टाभोवती गुंडाळून निघून जायचा. आमचे हे इस्त्री करता करता विचारायचे, "मग? झालं काय पुढे त्या बाईचं?" मी म्हणायची, "मला काय माहीत? तुम्हीच बांधून दिलीत तिला." यावरूनही आमची भांडणं झाली आहेत. पुढे हे मला न विचारता दुसरे कागद वापरायला लागले, आणि माझ्या वाचायच्या पानांची चळत टेबलाखाली वाढत गेली. तर आता अख्खं पुस्तक हातात असताना मी ते नीट पहिल्या पानापासून वाचणार, मधलं उघडून बघणार नाही. पहिली तीस पानं मांजराच्या पूर्वजांवर आहेत. त्या पूर्वजांशी मला काडीचं देणंघेणं नाही, पण वाचते आहे.

दुपारी मास्तर आले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रोज कडक इस्त्रीचा शर्ट लागतो. काळा इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला बसला होता, कबरी पार त्या टोकाला टोपलीत. मास्तरांनी चष्मा वर केला. "वहिनी, यांचं जमतंय की नाही?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"वर्गात अशी दोघं असली की मी बाकं बदलायचो."

"मग सुधारायची?"

"छे. बाकं लांब असली की दगड मारायची."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काळ्याचं नाक फोडलं तिने. रक्त आलं. एवढीशी आहे, पण पंजा सुईसारखा.

माझं काय चुकतंय? दोघांना वेगळी ताटली, वेगळं अंथरूण. दोन्ही अंथरुणं मी रोज सकाळी बदलते, गरम पाण्यात धुते, उन्हात कडक वाळवते. कुठे वास म्हणून राहू देत नाही. काळा टेबलाच्या पायाला गाल घासतो, ती कपाटाच्या कडेला, ते सगळं मी लगेच पुसून घेते. शेल्टरमध्ये घाणीत लोळत होती तेव्हा म्हणे गळ्यात गळे. इथे दवाखान्यासारखं स्वच्छ ठेवलंय, तर एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. चांगल्याची किंमत नाही, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. कोणीतरी तिला कळवलंच होतं.

"आई, नसेल जमत तर कबरीला जाऊ दे. तिला घर मिळतंय ना चांगलं. तू काळ्याला ठेव."

"का? ती काय चादर आहे, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेली म्हणून परत द्यायला?"

"तसं नाही गं. काहींचं नाही पटत एकमेकांशी. उगाच सक्तीने एकत्र ठेवायचं कशाला? दोघंही दुःखी."

मग तीच म्हणाली, "मी लहान होते तेव्हा तुम्ही दोघं आठ-आठ दिवस बोलायचा नाहीत. आठवतं? मी मधे निरोप घेऊन फिरायची. 'बाबांना सांग, ताट वाढलंय.' 'आईला सांग, निळा शर्ट आज द्यायचाय.' मला पोटात गोळा यायचा, आई."

"निरोप पोचत होते ना?" मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. मी नाही, तिने.

तळपायाची आग मस्तकात गेली. निरोप पोचत होते हेच तर सांगतेय मी! ताट वाढलं जात होतं, शर्ट वेळेवर जात होता. ज्यांचं पटत नाही ती माणसं निरोप पाठवत नाहीत, निघून जातात. समोरच्या फोटोवाल्याची बायको गेली तशी. तिला कोणी काही म्हणत नाही, तिने 'स्वतःचा विचार केला'. आणि मी राहिले तर माझं पटलं नाही!

पोटात गोळा यायचा म्हणे. मला कधी सांगितलं नाही ते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एकाहत्तरावं पान.

तिथे लिहिलंय की मांजर मांजराला डोळ्यांनी ओळखत नाही, वासाने ओळखतं. एकत्र राहणाऱ्या मांजरांचा मिळून एक वास तयार होतो. एकाच अंथरुणावर झोपून, एकाच कोपऱ्याला गाल घासून तो बनतो. तो वास म्हणजे त्यांचं घर. तो गेला की कालचा सोबती आज परका. म्हणून नव्या जागी नेताना त्यांचं जुनं अंथरूण न धुता द्यावं.

मी पुस्तक मिटलं, चहा ठेवला, तो उतू गेला.

म्हणजे पहिल्याच दिवशी मी त्यांचं घर सोड्यात उकळलं. आणि त्यानंतर रोज सकाळी, जरा कुठे लागलं-घासलं की, पुन्हा पुसून टाकत आले. पंधरा दिवस.

शेल्टरला फोन करून चांगली खडसावली. "तसंच राहू द्या म्हणालात, का ते का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, कोणीच धुणार नाही. लोक आळशी असतात, काकू."

"मी लाँड्रीवाली आहे! माझ्या दारावर पाटी आहे ही एवढी!"

आजपासून धुणं बंद. मांजरांचं, लोकांचं नव्हे. अंथरुणांची अदलाबदल करायची, कोपरे पुसायचे नाहीत, असं पुस्तक सांगतं. हात शिवशिवतात. टेबलाच्या पायावर तेलकट काळा डाग धरलाय आणि मी त्याच्याकडे बघत बसलेय, गुन्हेगारासारखी.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांचं सगळं धुतलं. शर्ट, बंड्या, उशीचा अभ्रा, पांघरूण, घाम पुसायचा तो टेबलावरचा पंचासुद्धा. नीळ घातली, वाळवलं, इस्त्री केली, घड्या घालून देऊन टाकलं. लेक म्हणाली होती, "आई, एवढी घाई काय आहे?" मी म्हटलं, मळकं कसं द्यायचं कोणाला? सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे.

हे आज कुठून आठवलं कोण जाणे. काळ्याला भूक लागलीय, तो पायात घुटमळतोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस काही धुतलं नाही. घराला मांजराचा वास येतो. बँकेतल्या साहेबांनी कोट घेताना नाक उडवलं. "काकू, हल्ली इथे..." मी म्हटलं, "कोट हुंगा. कोटाला येतोय का?" कोटाला येत नव्हता. पैसे ठेवले आणि गेले.

आता दाराच्या अलीकडे एक ताटली आणि पलीकडे एक, मधे दार बोटभर उघडं. दोघं खातात. खाऊन झालं की फिसकारतात, पण आधी खातात. काळा इस्त्रीच्या टेबलावर झोपतो, कबरी टेबलाखाली. काल त्याची शेपटी खाली लोंबत होती, हिने ती हुंगली आणि चापट मारली. पण आधी हुंगली.

शेल्टरच्या बाईचा निरोप आला फोनवर: 'दोघं एकत्र झोपलेला फोटो पाठवा.' मी लिहिलं, झोपत नाहीत. तिने लिहिलं, 'चाटतानाचा?' मी लिहिलं, चाटत नाहीत. तिने एक रडकं तोंड पाठवलं. मला रडकी तोंडं पाठवू नका म्हणावं. दोघं माझ्या घरात आहेत, पोटभर खातात, कोणी मेलं नाही. चाटाचाटीचे फोटो काढायला मी काही समोरचा फोटोवाला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काळ्याचा दात किडला होता. डॉक्टरांनी उद्यापर्यंत ठेवून घेतला.

टोपली बाहेर गेली तेव्हा मला वाटलं, आता कबरी तरी निवांत होईल. अख्खं टेबल तिचं, अख्खी खोली तिची, कपाटावर चढायची गरज नाही. तर ती दारात जाऊन बसली. रस्त्याकडे तोंड. मास्तर आले, तिला ओलांडून आत आले, ती हलली नाही. दुपारी ताटली ठेवली, तिने पाहिलीही नाही. संध्याकाळी मासा ठेवला. मासा! काल याच माशाच्या शेपटासाठी तिने काळ्याच्या तोंडावर मारलं होतं. तसाच राहिला. मग तिने टेबलावर उडी मारली, तो झोपतो ती जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली, आणि पुन्हा खाली उतरून दारात. एकदा ओरडली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी फिसकारण्याखेरीज ऐकला नव्हता. जाड आवाज आहे, एवढ्याशा जिवाला न शोभणारा.

आता बघू दे त्या शेल्टरवालीला, म्हटलं. पण फोटो कशाचा काढणार? न खाल्लेल्या माशाचा?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काळा आला. मी टोपली उघडली. कबरी धावत आली, नाक पुढे केलं, आणि त्याच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. एक नाही, दोन! तो बिचारा भुलीने झिंगलेला, एक दात कमी, आणि हिचा फणा उभा.

माझा असा संताप झाला. काल ज्याच्यासाठी उपाशी बसलीस त्यालाच आज फाडतेस? लाज नाही? मी ओरडले तशी ती टेबलाखाली गेली. मग पुस्तक काढलं. आहे तेही, एकशे चाराव्या पानावर. दवाखान्याचा वास घेऊन आलेलं मांजर दुसऱ्याला परकं वाटतं.

तसं पाहिलं तर ह्यांना पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी तरी पहिलं वाक्य काय बोलले? 'दवाखान्याचा वास मारतोय, आधी ते कपडे काढा.' दारातच. लेक सामान घेऊन मागे उभी होती, तिने कपाळाला हात लावला. हे खुर्चीला धरून उभे होते, बारीक झालेले. हसले. मला म्हणाले, "चला, घरी आलो म्हणायचं."

संध्याकाळी कबरीने खाल्लं. माशाचं डोकंसुद्धा ठेवलं नाही.

३ मार्च, मंगळवार

चार दिवसांवर आलं. आज दोघं एका खोलीत तीन तास होती, एकदाच भांडली. तो वर, ती खाली. मी इस्त्री करत होते. ह्यांच्यासारखी कॉलरला धार येत नाही मला, मास्तर सोसून घेतात. मधेच लक्षात आलं की मी मघापासून बोलते आहे. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. काळ्याला म्हणत होते, सरक, आणि कबरीला म्हणत होते, याला सांग सरकायला.

घेऊन गेली तिला तर? काळा तसाही कोणाला नको आहे, तो राहील. आणि मग तो दारात बसेल, की मी बसेन?

काय वाटेल ते लिहिते आहे. झोपावं.

७ मार्च, शनिवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर रागाच्या भरात मागचं पुढे होईल.

लेक सकाळच्या गाडीने आली. 'आधाराला' म्हणे. आल्या आल्या खिडक्या उघडल्या.

शेल्टरची बाई अकराला आली. तेच जाकीट, तीच टोपली, रिकामी. तिने धाडलेला चाचणीचा फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता. तिने उभ्या उभ्या वाचला.

एकत्र झोपतात का? नाही. एकमेकांना चाटतात का? नाही. एका ताटलीत खातात का? नाही. भांडतात का? हो. किती वेळा? आज सकाळपासून दोनदा.

लेकीने खांद्यावरून वाकून बघितलं. "आई, जरा सांभाळून लिहायचं ना."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही गं, जरा..."

"जरा खोटं."

शेल्टरच्या बाईने पेनाचं टोपण लावलं. आवाज मऊ केला, मी आजारी असल्यासारखा. "काकू, तुम्ही प्रयत्न केलेत. पण यातलं एकही उत्तर... खरं तर आमचंच चुकलं असेल. तो पिंजरा थंड होता, गरम कोपरा एकच. म्हणूनही एकत्र झोपत असतील."

"मग जोडी कुठल्या तोंडाने म्हणालात?"

"म्हणूनच तर आता सुधारतोय. कबरीला तिथे एकटीला सगळं मिळेल."

तिने कबरीला टेबलाखालून काढलं. कबरी लोंबकळली, हूं की चूं नाही. टेबलावर काळ्याने साधं वळूनही पाहिलं नाही. एक पंजा चाटत बसला. इतका राग आला मला त्याचा! अरे, बघ तरी!

टोपलीचं झाकण लागलं आणि मी टोपलीवर हात ठेवला.

"तुमच्या फॉर्मात एक प्रश्न नाही," मी म्हटलं.

"कोणता?"

"एक नसला तर दुसरं काय करतं? तो विचारलाच नाहीत तुम्ही. झोपतात का, चाटतात का, फोटो आहे का! काळ्याला दवाखान्यात ठेवला तेव्हा ही अख्खा दिवस या दारात बसून होती. मासा दिला, शिवली नाही."

"तुम्ही कळवलं नाहीत."

"कशावर कळवू? तुम्ही फोटो मागता."

"कुठे लिहून ठेवलंय का, काकू? तारीख वगैरे? मला वर काहीतरी दाखवायला लागेल."

लिहून ठेवलंय का! मी आत गेले आणि ही वही घेऊन आले. आजवर कोणाला दाखवली नाही. वही तिच्या हातात दिली नाही, स्वतः वाचली, उभं राहून. सव्वीस तारीख. ताटली, मासा, टेबल हुंगलं ते, ओरडली ते. बाई ऐकत होती. पान उलटलं, सत्तावीस तारीख, थोबाडीत दिल्या तेही वाचलं, म्हटलं, लपवायचं नाही. रागात वाचत होते, थांबायचं भान राहिलं नाही. तसं पाहिलं तर ह्यांना पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं, इथपर्यंत आले. कपडे काढा, तेही तोंडातून गेलं. मग थांबले.

"पुढे?" लेक म्हणाली.

"पुढे काही नाही. ते मांजराचं नाही."

"मी होते तिथे," ती म्हणाली. "मी सामान घेऊन मागे होते. बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नव्हतं."

शेल्टरची बाई माझ्याकडे बघत होती, मग तिच्याकडे, मग जाकिटाच्या कुठल्याशा खिशात काहीतरी शोधायला लागली.

मी वाचलं. दोन शब्द चुकले, ते पुन्हा वाचले. लेक खिडकीकडे तोंड करून उभी होती. उघडलेली खिडकी तिने लावून घेतली.

बाईने फॉर्म टेबलावर ठेवला. काळा त्याच्यावर बसायला आला, तिने त्याला सरकवलं. फॉर्मच्या पाठीमागे कोऱ्या जागेत सव्वीस तारखेचं सगळं लिहून घेतलं, मासासुद्धा. पुढच्या बाजूला 'पटतं / पटत नाही' असं छापलंय, त्यातलं एक खोडायचं असतं. तिने दोन्ही खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'दोघांनाही इथेच ठेवावे.' खाली सही. टोपली तिने स्वतः उघडली. कबरी बाहेर आली, टेबलावर चढली, काळ्याच्या कानफटात मारली आणि खाली जाऊन झोपली.

"हे असंच चालणार?" बाईने विचारलं.

"तुम्हाला काही अडचण?"

"नाही, काकू." यावेळी ती हसली तर मला राग आला नाही. आता येतोय थोडा.

दुपारी लेकीला गाडीपर्यंत सोडायला निघाले. दारात ती चपला घालत होती. मान खाली, पट्टा काही लागेना. तशीच वाकून म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हा तू किती दिवस जेवली नव्हतीस?"

असा प्रश्न विचारतात का? भर दारात, गाडीची वेळ झालेली असताना?

"जेवले होते," मी म्हटलं. "दोन्ही वेळा. पोटभर. तुला काय करायच्यात नसत्या चौकशा? चल, गाडी चुकेल."

तिने वर पाहिलं. माझा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. मला पिशवी दुसऱ्या हातात घ्यावी लागली.

त्या फॉर्मवर मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. मांजर जाईल ठाऊक असताना लिहिलं नाही. आणि या पोरीने एका प्रश्नात मला माझ्याच दारात उभं करून खोटं बोलायला लावलं.